झाकणाचे पात्र आणि एका संन्याशाचा ग्रंथ

मनुष्याच्या हातून घडलेल्या वस्तूंत लाकडी वाटीइतकी साधी वस्तू क्वचितच सापडेल. परंतु त्या वाटीवर त्याच लाकडाचे झाकण बसवायचे म्हटले, की तिचा साधेपणा संपतो. उघडी वाटी थोडी वाकडी झाली तरी तिच्यातून खाता येते. झाकण मात्र वाकडेपणा क्षमा करीत नाही. जगभर आज हजारो माणसे केवळ हौसेखातर लेथवर अशी झाकणाची शोभिवंत पात्रे कातीत असतात. त्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, सेवानिवृत्त कारकूनही आहेत. यांतील बहुतेकांचे पोट त्या कामावर अवलंबून नाही. या निरुपद्रवी छंदाला चार शतकांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या अगदी मध्यावर एक कॅथलिक संन्यासी उभा आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावी. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे काम कठीण का, ते समजून घेतले पाहिजे. लेथवर लाकडाचा ठोकळा गरगर फिरत असतो आणि कातारी पटाशीची धार त्यावर धरतो. हत्यार स्थिर आणि लाकूड फिरते, एवढाच या कलेचा पाया. ओले लाकूड मऊ असते, लोण्यासारखे कातले जाते. परंतु वाळताना ते आकसते आणि तेही सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. झाडाच्या वलयांच्या दिशेने होणारा संकोच हा गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील संकोचाच्या सुमारे दुप्पट असतो. परिणामी आज पूर्ण गोल कातलेले पात्र काही आठवड्यांनी लंबगोल होते. त्यावर आज नेमके बसलेले झाकण मग बसत नाही, किंवा एकदा बसले तर निघत नाही.

म्हणून जाणता कातारी घाई करीत नाही. तो पात्र प्रथम ओबडधोबड कातून ठेवतो. त्याची भिंत व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी जाड राखतो आणि ते महिनोन्‌महिने सावलीत वाळू देतो. लाकडाला जेवढे वाकायचे तेवढे वाकून झाले, की ते पुन्हा लेथवर चढवतो आणि मगच अखेरचा आकार देतो. झाकण व पात्र एकाच ठोकळ्यातून कापलेले असावे, म्हणजे लाकडाच्या रेषा झाकणावरून पात्रावर अखंड उतरतात. बहुधा झाकणाची आतली बाजू आधी कातली जाते आणि तिच्या मापाने पात्राचे तोंड केसाकेसाने उतरवले जाते. उत्तम जमलेले झाकण उचलताना आतली हवा त्याला किंचित धरून ठेवते आणि सोडताना हलकासा आवाज होतो. तो आवाज हीच कातार्‍याची परीक्षा.

हे सारे शब्दांत सांगणे सोपे आहे. पटाशी किती तिरपी धरावी, लाकडाचा आवाज बदलला की हात केव्हा हलका करावा, हे मात्र हातालाच कळते. येथेच इतिहासाचा खरा प्रश्न उभा राहतो. हातात असलेले ज्ञान हाताबरोबरच मातीत जाते काय?

राजवाड्यातील लेथ

युरोपात मध्ययुगापासून कातारी हा गरीब पण आवश्यक कारागीर होता. सामान्य माणसाचे ताट, वाटी, पेला ही त्याचीच निर्मिती. त्याची लेथही तशीच साधी. वर एक लवचीक बांबूसारखी काठी, खाली पायाने दाबायची फळी आणि या दोहोंना जोडणारी, लाकडाभोवती वळसा घेतलेली दोरी. फळी दाबली की लाकूड पुढे फिरायचे, पाय उचलला की काठीच्या ओढीने मागे. कापणे फक्त पाय खाली जाताना व्हायचे. अशा यंत्रावर शतकानुशतके गावांची भांडी घडली. हे कसब बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जात असे. कारागिरांच्या संघांना आपले कसब बाहेर जाऊ देणे मानवत नसे. कारण तेच त्यांचे भांडवल होते.

सोळाव्या शतकात एक नवल घडले. ही गरिबाची लेथ राजवाड्यात शिरली. जर्मनीतील सॅक्सनीचा अधिपती ऑगस्ट (१५२६–१५८६) याला कातकामाचा छंद जडला आणि तो स्वतः लेथवर बसून हस्तिदंत कातू लागला. १५७८ मध्ये त्याने ड्रेस्डेनच्या दरबारी गेऑर्ग वेकर या कातार्‍याची नेमणूक केली. पुढे १५८४ मध्ये एगिडियस लोबेनिख हाही तेथे आला. उंच, बारीक दांड्यावर तोललेले झाकणाचे पेले, गोलात गोल, कडेवर कडे अशी त्यांची हस्तिदंती कामे ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. हा छंद मग युरोपातील एका दरबाराकडून दुसऱ्या दरबाराकडे पसरला. कातकामात भूमिती होती, संयम होता, हाताच्या एका चुकीने महिन्याचे काम फुकट जाण्याची भीती होती. राज्य करणाऱ्याने आधी आपला हात ताब्यात ठेवायला शिकावे, असा विचार या छंदामागे असल्याचे कलेचे अभ्यासक मानतात.

तथापि, राजांनी या कलेला प्रतिष्ठा दिली, तरी तिचे दार उघडले नाही. तयार वस्तू काचेच्या कपाटात गेल्या. त्या कशा घडल्या हे वेकर व लोबेनिख यांच्यासारख्यांच्या हातातच राहिले. दरबार बदलला, कातारी वारला, की कसब तेथेच थांबे. लंडनच्या जोसेफ मॉक्सन यांनी सतराव्या शतकात आपल्या यांत्रिक कलांविषयीच्या पुस्तकात कातकामाला काही पाने दिली. परंतु केवळ याच विषयाला वाहिलेला सांगोपांग ग्रंथ युरोपात अद्याप निघाला नव्हता. तो लिहिला एका गरीब संन्याशाने.

फादर प्लुमिए

चार्ल्स प्लुमिए यांचा जन्म १६४६ साली फ्रान्सच्या मार्सेय बंदरात झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी 'मिनिम' संन्यासीसंघात प्रवेश केला. हा संघ पावलाचे संत फ्रान्सिस (१४१६–१५०७) यांनी स्थापन केलेला. 'मिनिम' म्हणजे सर्वांत लहान, सर्वांत धाकटे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला हे संन्यासी आजन्म उपवासकाळासारखा आहार घेण्याचे चौथे व्रत घेत. मांस, अंडी, दूधदुभते त्यांना वर्ज्य असे. इतका कडक संघ, परंतु ज्ञानाच्या बाबतीत त्याचा हात सढळ होता. गणितज्ञ मारँ मर्सेन हे याच संघाचे. तरुण प्लुमिए यांना तुलूज येथे याच संघातील विद्वान इमॅन्युएल मेन्याँ यांच्याकडे गणित शिकावयास मिळाले. उपकरणे बनवणे, चित्रे रेखाटणे आणि लेथवर काम करणे यांतही ते निष्णात झाले.

पुढे त्यांना रोममधील त्रिनिता देई मोंती या मठात पाठवण्यात आले. तेथे त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली आणि त्यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. १६८९ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्यांना वनस्पतींच्या शोधासाठी वेस्ट इंडीजच्या बेटांवर धाडले. त्यानंतर आणखी दोन सफरी झाल्या. 'राजवनस्पतिज्ञ' हे पद मिळाले. फुशिया, बेगोनिया, लोबेलिया, मॅग्नोलिया ही आज जगभरच्या बागांत रुळलेली नावे फादर प्लुमिए यांनी दिलेली आहेत. आपल्या पूर्वसूरींची व उपकारकर्त्यांची नावे त्यांनी झाडांना दिली. स्वतःचे नाव त्यांनी एकाही झाडाला दिले नाही. ते काम दुसऱ्यांनी केले. त्यांचे समकालीन वनस्पतिज्ञ टुर्नफोर यांनी एका अमेरिकी फुलझाडाला प्लुमिए यांचे नाव दिले आणि पुढे लिनियसने ते कायम केले. ते झाड म्हणजे 'प्लुमेरिया', आपला चाफा. कुणी त्याला देवचाफा म्हणतात, कुणी खूरचाफा. मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटे हे त्याचे मूळ घर. आपल्याकडे तो देवळांच्या अंगणात, चर्चच्या आवारात आणि दफनभूमीच्या कडेने असा काही रुजला आहे, की तो परका वाटतच नाही.

असा हा जग पाहिलेला, रानावनांत हिंडलेला संन्यासी १७०१ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लियाँ शहरात एक ग्रंथ छापतो आणि तो ग्रंथ वनस्पतींवर नसतो. तो असतो कातकामावर. 'लार द तुर्ने', म्हणजे कातण्याची कला, हे त्याचे नाव. मजकूर लॅटिन व फ्रेंच या दोन्ही भाषांत, सोबत बारकाईने कोरलेली चित्रपाने. लेथ कशी उभारावी, हत्यारांना पाणी कसे द्यावे, कोणते लाकूड कशाला योग्य, येथपासून लंबगोल व तिरपे आकार कसे कातावेत येथपर्यंत सारे त्यात आहे. केवळ कातकामाला वाहिलेला हा पहिला ग्रंथ मानला जातो.

ग्रंथ दोन भाषांत का काढला असावा? आमचा तर्क असा, की लॅटिनमुळे तो कोणत्याही देशातील विद्वानाला वाचता यावा आणि फ्रेंचमुळे साध्या कारागिराच्या हाती पडला तरी उपयोगी ठरावा. लेखक कातकामावर पोट भरणारा नव्हता, म्हणून त्याला गुपित राखण्याचे कारण नव्हते. कोणत्याही राजाचे मन रिझवायचे नव्हते, म्हणून केवळ चमत्कार दाखवण्याची गरज नव्हती. सेमिनरीत लॅटिनचे पहिले धडे गिरवताना 'आमारे' म्हणजे प्रेम करणे हे क्रियापद आम्ही घोकले होते. हौशी माणसासाठी इंग्रजीत जो 'ॲमॅच्युअर' हा शब्द रूढ आहे, तो याच धातूपासून आला. आज त्या शब्दाला 'कच्चा, अर्धवट' असा हलका अर्थ चिकटला आहे. फादर प्लुमिए यांच्या बाबतीत तो मूळ अर्थाने घ्यावा लागतो. ज्याचे त्या कामावर प्रेम होते, त्याने ते लिहून ठेवले.

१७०४ मध्ये पेरू देशाच्या वाटेवर असताना स्पेनमधील कादिझ बंदराजवळ त्यांचे देहावसान झाले. मागे हस्तलिखितांचे ३१ खंड आणि सुमारे ६,००० रेखाटने राहिली.

छापलेले आणि न छापलेले

ग्रंथ छापण्याचे मोल किती, हे रशियाच्या इतिहासात लख्ख दिसते. झार पीटर (१६७२–१७२५) याला लेथचे विलक्षण वेड होते. राज्यकारभारातून उठून तो कातकामाच्या दालनात जाऊन बसे. फादर प्लुमिए यांच्या ग्रंथाचे १७१६ मध्ये त्याने रशियन भाषेत भाषांतर करवून घेतले. त्याच्या पदरी आंद्रेई नार्तोव (१६९३–१७५६) नावाचा असामान्य कारागीर होता. सामान्य कुळात जन्मलेला हा माणूस झारचा कातकामातील गुरू बनला आणि हत्यार हाताऐवजी यंत्रानेच धरून पुढे सरकवणाऱ्या अजब लेथ त्याने उभारल्या. आयुष्याच्या अखेरीस त्यानेही आपल्या यंत्रांचा सचित्र ग्रंथ लिहिला. परंतु तो छापला जाण्यापूर्वीच त्याला मृत्यू आला. हस्तलिखित सुमारे दोनशे वर्षे ग्रंथालयात अंधारात पडून राहिले. दरम्यान, यंत्राने हत्यार धरण्याचे श्रेय इतरांच्या नावावर जमा होत गेले. मिनिम संन्याशाचा ग्रंथ सम्राटापर्यंत पोहोचला आणि सम्राटाच्या गुरूचा ग्रंथ कुणापर्यंतच पोहोचला नाही, तो केवळ छापखान्याच्या फरकाने.

एकोणिसाव्या शतकात हा छंद इंग्लंडमधील धनिकांच्या घरांत स्थिरावला. स्ट्रासबुर्गहून लंडनला आलेल्या होल्टझॅपफेल घराण्याने खास हौशी मंडळींसाठी अतिशय महागड्या लेथ बनवल्या. त्यांची एकूण संख्या सुमारे अडीच हजारांपर्यंत गेली. याच घराण्याने १८४३ ते १८८४ या काळात कातकाम व यंत्रकाम यांवर पाच जाडजूड खंड प्रसिद्ध केले. सरदार आणि निवृत्त सेनाधिकारी त्या खंडांच्या आधारे नक्षीदार झाकणांच्या डब्या कातीत बसू लागले. आजही त्या जुन्या लेथ चालवणारे हौशी लोक त्याच खंडांकडे वळतात.

याच्या अगदी उलट कहाणी त्याच देशातील जॉर्ज लेली यांची आहे. लेली (१८६९–१९५८) हे बर्कशायर परगण्यातील बकलबरी कॉमन येथे पायाच्या लेथवर एल्म झाडाच्या वाट्या कातीत. त्यांच्या घराण्यात हाच धंदा चालत आला होता. आकड्यासारखी वाकडी हत्यारे ते स्वतः घडवीत आणि एकाच ठोकळ्यातून, एकीच्या पोटातून दुसरी अशा अनेक वाट्या काढीत. १९५८ मध्ये लेली गेले आणि इंग्लंडमधील ही परंपरा त्यांच्याबरोबर खंडित झाली. त्यांना शिष्य नव्हता. सुदैवाने त्यांची लेथ व हत्यारे रेडिंग येथील ग्रामजीवन संग्रहालयात जपून ठेवण्यात आली. सुमारे चार दशकांनंतर रॉबिन वुड या तरुणाने ती न्याहाळली, तशी हत्यारे स्वतः घडवली आणि चुका करीत करीत ते कसब पुन्हा हाताला लावून घेतले. हत्यार बोलत नाही. ते कसे धरावे हे ते सांगत नाही. एका पिढीने शिकवले असते, तर जे काही महिन्यांत कळले असते, ते शोधायला वर्षे लागली.

विसाव्या शतकात कारखान्यांतील प्लास्टिक व धातूच्या भांड्यांनी लाकडी वाटीची गरजच संपवली. धंदा म्हणून कातकाम मागे पडले, परंतु छंदाने ते उचलून धरले. अमेरिकेतील बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) यांनी दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिला. अशा युद्धविरोधकांसाठी असलेल्या छावणीत त्यांना धाडण्यात आले. त्या सक्तीच्या वास्तव्यात त्यांनी लेथवर पहिल्या वाट्या कातल्या आणि पुढे या कलेतील ते एक थोर नाव ठरले. १९८६ मध्ये अमेरिकेत कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचे हजारो सभासद आहेत. त्यांतील बहुसंख्य हौशी. नियतकालिके, वर्ग, प्रात्यक्षिके यांतून जे कळले ते दुसऱ्याला सांगण्याचा प्रघात त्यांच्यात आहे. फादर प्लुमिए यांनी तीनशे वर्षांपूर्वी जे केले, तेच काम ही मंडळी आपापल्या परीने करीत आहेत.

आपल्या मातीतील करंडा

आता आपल्याकडे वळू. झाकणाचे लाकडी पात्र आपल्याला परके नाही. कुंकवाचा करंडा, दागिन्यांची डबी, मुलींच्या खेळातली भातुकली, पाळण्याचे रंगीत खांब ही सारी कातार्‍याचीच करणी. आपला जुना कातारी जमिनीवर बसे. त्याचा साथीदार दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवी आणि तो हाताने, प्रसंगी पायाच्या बोटांनी हत्यार धरून आकार काढी. मग फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. त्यावर केवड्याचे पान दाबून धरले, की आरशासारखी चकाकी येते. रंगाचा ब्रश नाही, भट्टी नाही. केवळ वेग आणि दाब. सुबक बांध्याला आपण आजही 'कातीव' म्हणतो. तो शब्द याच कामाने मराठीला दिला आहे.

सावंतवाडी हे या कलेचे माहेरघर. तेथील चितारी कुटुंबांनी लाखेचे काम व गंजिफा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. विसाव्या शतकात हे काम विझू लागले, तेव्हा तेथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला. सत्वशीलादेवी वृद्ध कारागिराकडून स्वतः ही कला शिकल्या. राजवाड्यातच कारागिरांना जागा मिळाली आणि नवी मुले शिकू लागली. २०१८ मध्ये सत्वशीलादेवी निवर्तल्या. राजघराण्यातील स्त्रीने कारागिरापुढे शिष्य म्हणून बसावे, हे ड्रेस्डेनच्या ऑगस्टची आठवण करून देणारे आहे. परंतु येथे त्या शिक्षणाचा लाभ काचेच्या कपाटाला न होता कारागिरांच्या मुलांना झाला, हा फरक मोलाचा आहे.

तरीही एक उणीव आम्हांस सलते. संतांच्या ओव्या आपण लिहून ठेवल्या, बखरी लिहिल्या, वंशावळी लिहिल्या. कातार्‍याचे, सुताराचे, बुरुडाचे, होडी बांधणाऱ्याचे ज्ञान मात्र आपण बहुतांशी त्यांच्या हातातच राहू दिले. ज्याच्या हातात ज्ञान होते, त्याच्या हाती लेखणी नव्हती. ज्याच्या हाती लेखणी होती, त्याला पटाशीजवळ बसणे कमीपणाचे वाटले. आपल्या समाजातील जातिभेदाने या दोन हातांमध्ये जी भिंत उभी केली, तिची किंमत आपण विस्मृतीने मोजतो आहोत. नाझरेथच्या सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी. ही भिंत आपल्याला तरी शोभत नाही.

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येकाने लेथ घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. ज्याला हौस व सवड आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु आपल्या गावात अजून एखादा वृद्ध सुतार, कातारी, गवंडी किंवा होडी बांधणारा असेल, तर घरातील शिकत्या मुलाने वही घेऊन त्याच्यापाशी काही रविवार बसावे. हत्यारांची नावे त्याच्याच तोंडची लिहून घ्यावीत, मापे टिपावीत, काम चालू असताना चित्रे काढावीत आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या कारागिराचे नाव ठळक लिहावे. ड्रेस्डेनच्या दोन कातार्‍यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, ती दरबाराच्या दप्तरांत नोंद झाली म्हणून. आपल्या वाडीतील कातार्‍याला दरबार नाही. त्याला आपली वहीच पुरे.

यंदाच्या मृतांच्या स्मरणदिनी आप्तांच्या कबरींवर चाफ्याची फुले ठेवली जातील, तेव्हा मार्सेयच्या त्या संन्याशाच्या नावानेही एक फूल ठेवावे. झाडाच्या नावात तो आहेच. त्याच्या ग्रंथाची आठवण मात्र आपणच ठेवायची आहे.